मिनी-स्ट्रोक: बायकांची लक्षणं खरंच वेगळी असतात का? आणि एमआरआय ‘नॉर्मल’ आला तर?

मृगनक्षत्र

समाजमाध्यमांवर एक चित्र वरचेवर फिरत असतं. ‘बायकांमधली स्ट्रोकची लक्षणं’ असं शीर्षक आणि खाली यादी: थकवा, मळमळ, उचक्या, गोंधळल्यासारखं होणं, डोकं दुखणं. या यादीने दोन प्रकारच्या बायका अडचणीत येतात. जिला थकवा रोजचाच आहे ती उगाच धास्तावते. आणि जिचा हात खरोखरच दहा मिनिटं लुळा पडला ती ‘आपल्याला यादीतलं काहीच होत नाहीये’ म्हणून गप्प बसते. म्हणून हा धागा काढतेय. आईच्या आजारपणापासून या विषयावर जमेल तेवढं वाचलंय, तिच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारून घेतलंय. इथल्या डॉक्टर मंडळींनी चुकेल तिथे जरूर टोकावं.

आधी जे ठामपणे सांगता येतं ते सांगते. टीआयए म्हणजेच मिनी-स्ट्रोक, मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थोडा वेळ तुटून परत सुरू होणं. त्याची मुख्य लक्षणं बाई आणि पुरुष दोघांतही तीच असतात. एका बाजूचा हात किंवा पाय अचानक गळून जाणं, एका बाजूला बधिरपणा, तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं किंवा शब्दच न सापडणं, एका डोळ्यासमोर पडदा उतरल्यासारखा अंधार, दोन-दोन दिसणं, तोल जाणं. मेंदूच्या ज्या भागाचा रक्तपुरवठा तुटला त्या भागाचं काम थांबतं, आणि त्यात बाई-पुरुष असा भेद नसतो.

फरक आहे तो या मुख्य लक्षणांच्या सोबतीला काय येतं यात. २००९ साली अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या संशोधकांनी स्ट्रोक आणि टीआयएच्या ४६१ रुग्णांना काय काय झालं ते नोंदवलं. नेहमीच्या यादीबाहेरचं निदान एक तरी लक्षण बायकांपैकी ५२ टक्क्यांनी सांगितलं आणि पुरुषांपैकी ४४ टक्क्यांनी. सगळ्यात ठळक फरक होता गोंधळलेपण, भान हरपल्यासारखं होणं, यात. नंतरच्या मोठ्या आढाव्यांतही हेच दिसतं: सर्वांगाला आलेला अशक्तपणा आणि गोंधळ हे बायकांत जास्त, पण दोघांतही पहिला क्रमांक एका बाजूच्या लक्षणांचाच. ५२ आणि ४४ हे आकडे नीट बघा. पुरुषांपैकीही जवळजवळ निम्म्यांना ‘बायकांची’ म्हणवली जाणारी लक्षणं होती!

आता आईचं सांगते. सकाळी वाचत बसली होती. उजव्या हाताने पान उलटायला गेली तर बोटं पानावरून नुसतीच घसरत राहिली. तिने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. मला हाक मारायचा प्रयत्न केला तर तोंडातून भलताच शब्द आला. पंधरा-वीस मिनिटांत सगळं पूर्ववत. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा ती घाबरलेली होती, छातीत धडधडत होतं आणि डोकं भणभणत होतं. डॉक्टरांनी ‘काय होतंय?’ विचारलं. आईने त्या क्षणी जे होत होतं ते सांगितलं: धडधड, भणभण, कसंतरीच वाटतंय. हाताचं आलं सगळ्यात शेवटी, तेही ‘हाताला मुंग्या आल्यासारखं’ असं. कागदावर लिहिलं गेलं: घबराट, विश्रांती घ्यावी.

त्या डॉक्टरांचं नाव घ्यायचं नाही, आणि हे एकट्या कुणाचं नाहीही. २०१४ साली अमेरिकेतल्या नऊ राज्यांच्या नोंदी तपासून एक अभ्यास छापला गेला होता. पुढे ज्यांना स्ट्रोक झाला अशा रुग्णांपैकी आधी तातडीच्या विभागातून ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवलं जाण्याची शक्यता बायकांची पुरुषांपेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी जास्त निघाली. चक्कर किंवा डोकेदुखी घेऊन आलेले असे रुग्ण त्यात विशेष होते.

दुसरा भाग इमेजिंगचा, म्हणजे एमआरआय-सीटीसारख्या तपासण्यांचा, आणि मला खरी चर्चा त्यावर हवी आहे. आईचा एमआरआय चौथ्या दिवशी झाला आणि ‘नॉर्मल’ आला. एका नातेवाइकांनी लगेच सांगून टाकलं, ‘बघ, काही नव्हतंच.’ दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टनी मात्र हाताची गोष्ट पहिल्यापासून ऐकून घेतली, टीआयए असंच निदान केलं आणि हृदयाचे ठोके बरेच दिवस नोंदवायला लावले. त्यात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं, सापडलं. मधूनच येणारं, म्हणून साध्या ईसीजीत पकडीत न आलेलं. आता ती रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर आहे.

जे वाचलंय त्यानुसार टीआयएच्या रुग्णांत एमआरआयवर ताजा डाग दिसण्याचं प्रमाण साधारण तीनात एक आहे, आणि अनेक अभ्यासांत ते बायकांत पुरुषांपेक्षा कमी आढळलं आहे. हे कमी का? बायकांना टीआयए कमी होतो म्हणून, की आणखी काही कारण आहे? जाणकारांनी लिहावं.

पानगळ

धागा काढलास हे बरं केलंस. आमच्याकडे उलट बाजूचं उदाहरण आहे. नवऱ्याच्या डाव्या डोळ्यासमोर वरून खाली काळोख उतरला, पाचेक मिनिटं राहिला आणि गेला. त्याने मला तीन दिवस सांगितलंच नाही. ‘झोप कमी झाली असेल’ म्हणाला. सांगितलं तेही बोलता बोलता. मानेच्या डॉप्लरमध्ये (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) डावी कॅरॉटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी, बरीच बंद निघाली आणि ऑपरेशन करावं लागलं. बायकांचं ऐकून घेतलं जात नाही हे खरं, पण पुरुष सांगतच नाहीत हेही तितकंच खरं.

घननीळ

न्यूरॉलॉजीत काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मृगनक्षत्र, मूळ लेखात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. भर घालतो. डाग का दिसतो ते आधी. रक्तपुरवठा तुटला की पेशीच्या भिंतीतले पंप बंद पडतात, पाणी पेशीत शिरतं आणि तिथेच अडकतं. एमआरआयचा डिफ्युजन नावाचा भाग पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपतो. अडकलेलं पाणी तिथे पांढरं चमकतं, आणि सोबतच्या एडीसी नकाशावर तीच जागा काळी दिसते. हे मिनिटांत सुरू होतं आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत विरत जातं. पुरवठा लगेच परत सुरू झाला तर डाग पडतच नाही, किंवा इतका बारीक पडतो की काही दिवसांनी केलेल्या तपासणीत हाती लागत नाही. सीटी तर टीआयएत बहुतेक वेळा स्वच्छच असतो. तो रक्तस्राव नाही ना हे बघण्यासाठी काढतात.

आणखी एक. २००९ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनने टीआयएची व्याख्याच बदलली. पूर्वी २४ तासांच्या आत लक्षणं गेली की टीआयए. आता मेंदूत ताजी इजा दिसली तर लक्षणं दहा मिनिटांत जाऊनही त्याला स्ट्रोकच म्हणायचं. म्हणजे निदानाचं नाव एमआरआय केव्हा आणि किती लवकर झाला यावरही ठरू लागलं. त्याच संस्थेच्या २०२३ च्या निवेदनात शक्य असेल तिथे लक्षणं सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत एमआरआय करावा असं म्हटलंय. चौथ्या दिवशीचा स्वच्छ एमआरआय ‘तेव्हा काही झालं नव्हतं’ असं कधीच सांगत नाही.

बायकांत डाग कमी का, याला एकच उत्तर नाही. पहिलं कारण: टीआयएसारखं दिसणारं पण टीआयए नसलेलं काहीतरी, विशेषतः मायग्रेनचा ऑरा (डोळ्यासमोर चमक, मुंग्या अशी तात्पुरती लक्षणं), बायकांत जास्त. मायग्रेनच बायकांत सुमारे तिप्पट आहे. ‘संशयित टीआयए’ म्हणून आलेल्या सगळ्यांचा एमआरआय केला की या बायकांचे स्वच्छ एमआरआय सरासरी खाली ओढतात. दुसरं: तपासणीला होणारा उशीर. तिसरं: कारणं वेगळी. पुरुषांत मानेच्या मोठ्या धमन्यांत चरबीचे थर जास्त, तिथून बारीक कण सुटतात. बायकांना हा त्रास सरासरीने जास्त वयात होतो आणि हृदयातून येणाऱ्या गुठळीचं प्रमाण जास्त.

यातली खरी अडचण २०१९ च्या एका कॅनेडियन अभ्यासात दिसते. तात्पुरत्या किंवा सौम्य लक्षणांनी तातडीच्या विभागात आलेल्या दीड हजाराहून अधिक लोकांचा तो अभ्यास. बायका आणि पुरुषांनी सांगितलेली लक्षणं बरीचशी सारखी होती. तरी शेवटी ‘टीआयए किंवा स्ट्रोक’ हे निदान बायकांना कमी मिळालं. पुढच्या ९० दिवसांत मात्र दोघांचा धोका सारखाच निघाला. आम्हा डॉक्टरांनी थांबून विचार करावा असा हा निष्कर्ष आहे.

स्वल्पविराम

जरा विरोधी सूर लावतो, राग नसावा. सगळे बायकांचं निदान हुकतं यावर बोलताय. नको तिथे टीआयएचा शिक्का बसला तर? माझ्या बहिणीला केवळ चक्कर आली होती. टीआयए म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन-दोन गोळ्या सुरू झाल्या. पोटात रक्तस्राव होऊन भरती करावं लागलं. नंतर कळलं की चक्कर कानातल्या दोषाची होती. ‘काहीही झालं तरी टीआयए समजा’ हा संदेशही धोक्याचा आहे.

मृगनक्षत्र

स्वल्पविराम, राग कसला? बहिणीला भोगावं लागलं ते वाचून वाईट वाटलं, आणि तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच ती उचक्या-थकव्याची यादी मला खटकते. ‘सगळ्याला टीआयए समजा’ असं मला अजिबात म्हणायचं नाही. माझं म्हणणं एवढंच की अचानक सुरू झालेलं आणि शरीराच्या एका जागेचं काम बंद पाडणारं काही घडलंय का, हे प्रत्येक बाईला नेमकं विचारलं गेलं पाहिजे, आणि तिनेही ते सगळ्यात आधी सांगितलं पाहिजे. भीती, धडधड, मळमळ हे खोटं नसतं. हात अचानक निकामी झाला तर कोण घाबरणार नाही? पण घबराट दिसली की तिथेच शोध थांबतो, याचं मला दुःख होतं.

घननीळ

स्वल्पविराम, बरोबर आहे. दोन गोळ्यांचा, म्हणजे अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचा, फायदा पहिल्या काही आठवड्यांत असतो. म्हणून बहुतेकदा २१ दिवसच दोन्ही देतात आणि मग एकच ठेवतात. लांबवलं की फायदा वाढत नाही, रक्तस्राव वाढतो. आणि घरच्या घरी आपल्या मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. लक्षणं रक्तस्रावाचीही असू शकतात आणि सीटीआधी ते बाहेरून कळत नाही.

चक्करेबद्दल मात्र दुसरी बाजूही आहे. २०२१ साली ऑक्सफर्डच्या अभ्यासात अशा रुग्णांकडे पाहिलं ज्यांना अचानक फक्त चक्कर, फक्त दोन-दोन दिसणं किंवा फक्त तोल जाणं असं झालं होतं. जुन्या व्याख्येत ही एकटी लक्षणं टीआयए धरली जात नसत. पुढच्या ९० दिवसांतला स्ट्रोकचा धोका नेहमीच्या टीआयएइतकाच निघाला. मेंदूच्या मागच्या भागाच्या रक्तपुरवठ्यात हे घडतं, आणि तिथले बारीक डाग पहिल्या दिवशीच्या एमआरआयमध्ये हुकूही शकतात.

रात्रपाळी

एमआरआय विभागात तंत्रज्ञ आहे. डॉक्टर जे सांगतात त्याची आमच्या टेबलावरची बाजू सांगतो.

आमच्याकडे रुग्णाआधी कागद येतो. त्यावर ‘उजवा हात अचानक कमजोर, वीस मिनिटं, सकाळी आठ वाजता’ असं असेल तर डिफ्युजन आधी लावतो, मानेच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा भागही जोडला जातो, आणि रेडिओलॉजिस्ट डाव्या बाजूचा मेंदू, हाताचा भाग डोळ्यात तेल घालून बघतात. नुसतं ‘चक्कर, अस्वस्थ’ लिहिलं असेल तर तोच रुग्ण रोजच्या रांगेत मागे जातो. मशीन तेच, माणूस तोच. दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका शोधायचा तर कुठे शोधायचा हे माहीत असणं फार मोलाचं असतं.

रात्री बायका आल्या की बरेचदा शेजारी बसलेला मुलगा किंवा नवराच सगळं सांगत असतो. मी आत नेताना त्यांना स्वतःला एकदा विचारतो, ‘ताई, नेमकं काय बंद पडलं होतं? हात, पाय, बोलणं, डोळा?’ कधी कधी कागदावर नसलेली बाजू तिथे कळते. मग मी डॉक्टरांना फोन करतो. हे माझं काम आहे की नाही यावर वाद होऊ शकेल, मी करतो.

सावली_दाट

सासूबाईंच्या रिपोर्टमध्ये ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ असं लिहिलंय. त्यांना काही झालंच नाही, डोकेदुखीसाठी केला होता. ‘इस्केमिक’ (रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे झालेलं) वाचून घरात सगळेच हादरलेत. हेही मिनी-स्ट्रोकच का?

घननीळ

नाही. ते जुने पांढरे भाग, बारीक रक्तवाहिन्यांवर वय आणि रक्तदाबाने झालेला परिणाम. फ्लेअर नावाच्या भागात दिसतात, डिफ्युजनमध्ये नवीन म्हणून चमकत नाहीत. उतारवयात फार जणांत असतात, आणि बायकांत पुरुषांपेक्षा थोडे जास्त दिसल्याचं मोठ्या अभ्यासांत आढळलंय. म्हणजे गंमत बघा, ताजा डाग बायकांत कमी आणि जुना झिजेचा भाग जास्त. सासूबाईंचा रक्तदाब नीट मोजून घ्या, ताब्यात ठेवा. हादरण्याचं कारण नाही, दुर्लक्ष करण्याचंही नाही.

पानगळ, तुमच्या यजमानांच्या कॅरॉटिडवरून आठवलं. ऑपरेशनच्या निर्णयातही बाई-पुरुष फरक येतो. धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद असेल तर दोघांनाही फायदा आहे. ५० ते ६९ टक्क्यांत पुरुषांना थोडा फायदा, बायकांना स्पष्ट फायदा दिसला नाही. आणि लक्षणांनंतर दोन आठवड्यांहून जास्त उशीर झाला की फायदा घटतो, तो बायकांत अधिक वेगाने. उशिरा निदान झाल्याचा फटका असा दुप्पट बसतो.

कोरांटी

इतके दिवस नुसती वाचक होते, पण हे वाचून लिहावंसं वाटलं. मला कॉलेजपासून मायग्रेन आहे, डोळ्यासमोर नागमोडी चमकणाऱ्या रेषा येतात. कधी कधी त्याबरोबर हाताला मुंग्याही येतात. हे मायग्रेन आणि ते टीआयए, ओळखायचं कसं? वय ४४.

घननीळ

कोरांटी, चांगला प्रश्न. ऑरा बहुधा हळूहळू पसरतो. चमक एका कोपऱ्यात सुरू होते आणि पाच-दहा मिनिटांत वाढत जाते. मुंग्या बोटांपासून कोपराकडे, मग ओठांकडे सरकतात. त्यात काहीतरी जास्तीचं जाणवतं: चमक, रेषा, मुंग्या. टीआयएत बहुधा काहीतरी वजा होतं, तेही एका झटक्यात: दिसणं गेलं, ताकद गेली, शब्द गेले. सगळं पहिल्या क्षणीच पूर्ण. अपवाद दोन्हीकडे आहेत, म्हणून पहिल्यांदाच आलेला, नेहमीपेक्षा वेगळा किंवा तासाहून लांबलेला ऑरा घरी बसून ओळखायचा नाही.

आणि दोन प्रश्न, उत्तर इथे दिलं नाही तरी चालेल, आपल्या डॉक्टरांना जरूर द्या. सिगारेट ओढता का? इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेता का? ऑरा असलेल्या मायग्रेनमध्ये स्ट्रोकचा धोका मुळात साधारण दुप्पट असतो. या दोन गोष्टींनी तो आणखी चढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ऑरा असेल तर ती गोळी वर्ज्य आहे.

कोरांटी

सिगारेट नाही. गोळी घेते, पाळीच्या त्रासासाठी दिली होती. मायग्रेनबद्दल मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आणि परवा एक झालं ते नेहमीसारखं नव्हतं. चमक नाही, डोकेदुखी नाही. फोन धरलेला डावा हात एकदम खाली पडला, फोन जमिनीवर. पाच मिनिटं हात माझा नसल्यासारखा. मग ठीक. मी मायग्रेनच समजून झोपले.

घननीळ

आज जा. उद्यावर टाकू नका, लक्षण गेलं असलं तरी. टीआयएनंतर स्ट्रोकचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. २००७ च्या ऑक्सफर्डच्याच अभ्यासात तातडीने तपासणी आणि औषधं सुरू केल्यावर ९० दिवसांतले स्ट्रोक दहा टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या आसपास आले होते. एमआरआयची सोय असलेल्या तातडीच्या विभागात जा. कुणाला तरी सोबत घ्या, स्वतः गाडी चालवू नका.

मृगनक्षत्र

कोरांटी, निघण्याआधी हे कागदावर लिही आणि पहिलं वाक्य तेच ठेव: ‘परवा अमुक वाजता डावा हात अचानक पडला, पाच मिनिटं हलवता आला नाही.’ मायग्रेन, गोळी, भीती हे सगळं त्याच्या खाली. आईच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे आम्ही असाच कागद नेला होता आणि पूर्ण बोलणंच बदललं. पोचलीस की कळव गं.

पानगळ

वाट बघतोय कोरांटी.

कोरांटी

काल रात्री घरी आले. सगळ्यांचे आभार, मनापासून. कागद दिला, त्यांनी वाचला आणि लगेच आत घेतलं. एमआरआय झाला, डिफ्युजन स्वच्छ. मानेच्या रक्तवाहिन्या ठीक. तरी डॉक्टरांनी ‘टीआयए शक्य’ असंच लिहिलंय, ‘एमआरआय स्वच्छ आहे म्हणून मी हे खोडणार नाही’ म्हणाल्या. गोळी तिथल्या तिथे बंद करायला सांगितली, स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून दुसरा उपाय काढू म्हणाल्या. अ‍ॅस्पिरिन सुरू केलीय. हृदयाचा इको पुढच्या आठवड्यात, आणि २४ तासांचा होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं यंत्र, लावायचाय. घननीळ, होल्टर २४ तासांचा पुरतो का? मृगनक्षत्र ताईंच्या आईंचं वाचल्यापासून तोच प्रश्न डोक्यात आहे.

घननीळ

फार बरं झालं, वेळेत गेलात. तुमच्या वयाला सुरुवात २४ तासांच्या होल्टरपासून करणं योग्यच आहे. त्यात काही सापडलं नाही आणि दुसरं कारणही मिळालं नाही, तर जास्त दिवसांच्या नोंदीबद्दल विचारा. जितके दिवस जास्त, तितकं मधूनच येणारं फिब्रिलेशन सापडण्याची शक्यता जास्त. इकोमध्ये हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मापासून उघडं राहिलेलं भोक, म्हणजे पीएफओ, आहे का हे बघण्यासाठी बबल टेस्ट करणार का, तेही विचारून ठेवा. तुमच्या वयात कारण सापडत नसेल तर ते बघायला हवं.

कोरांटी

कागदावर लिहून घेतलं दोन्ही. इको झाला की इथेच सांगते.